टेबल तडकलं, कारण त्याला हलायला जागा नव्हती

प्रश्न : पुण्यात धायरीला सहाव्या मजल्यावर आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. मी बँकेत नोकरी करते. गेल्या ऑगस्टमध्ये लागून आलेल्या सुट्ट्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा लाकडाचं काम केलं. पॅकिंगच्या जुन्या पाइनच्या फळ्या आणून चार फूट बाय दोन फुटांचं टेबल बनवलं. फळ्या कडेला कड लावून फेव्हिकॉलनं जोडल्या, खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूनं घट्ट आवळल्या, वरून पॉलिश केलं. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. मार्चमध्ये ते वाकायला लागलं आणि एप्रिलमध्ये एका रात्री मोठा आवाज होऊन टोकापासून दीड फूट तडा गेला. तडा जोडावर नाही, एका फळीच्या मधोमध आहे. सासरे म्हणतात, ‘सुतार दोन दिवसांत करून देईल, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस?’ खालच्या मजल्यावरच्या काकू आवाजाबद्दल बोलून गेल्या. नऊ वर्षांच्या लेकीला पुस्तकांचं शेल्फ करून द्यायचं मी कबूल केलंय. माझं काय चुकलं? लाकूड खराब होतं की फेव्हिकॉल? माझ्याकडे ड्रिल आहे आणि लाकडाचं पातं लावलेला ग्राइंडर आहे. आता टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली यंत्राची करवत, घेऊ का? की हा नाद सोडून देऊ?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

प्रिय ताई,

नाद सोडू नका. पण हे वाचून झालं की एक काम आजच करा : ग्राइंडरवरचं ते लाकडाचं पातं उतरवून ठेवा. टेबल दुरुस्त होईल, तुटलेलं बोट होणार नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आधी टेबल. तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटली : तडा जोडावर नाही, फळीच्या मधोमध आहे. हे तुम्ही नीट निरखलंत म्हणून निदान सोपं झालं. फेव्हिकॉलनं आपलं काम चोख केलंय. जोड लाकडापेक्षा मजबूत निघाला, म्हणून ताण आल्यावर लाकूड फाटलं. कडा सरळ नसत्या, चिकटवताना फळ्या नीट दाबून धरल्या नसत्या, तर आधी जोड सुटला असता. पहिल्याच कामात असा जोड जमणं ही साधी गोष्ट नाही, हे मनापासून सांगते.

मग फाटलं का? झाड कापून, वाळवून, रंधून, पॉलिश करून वर्षं लोटली तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. पावसाळ्यात हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी मुरतं. आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की ते ८ टक्क्यांपर्यंत उतरतं, आणि पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी हवा त्याहूनही कोरडी असते. पाणी आलं की लाकूड फुगतं, गेलं की आक्रसतं. पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. फळीच्या लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेनं, हा फरक जवळजवळ नसतोच. जे काही होतं ते रुंदीत होतं. त्यातही वाढीच्या कड्यांना, म्हणजे खोडाच्या आडव्या कापावर दिसणाऱ्या वर्तुळांना, समांतर असलेल्या बाजूनं लाकूड जितकं आक्रसतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बाजूनं आक्रसत नाही. बहुतेक झाडांत हे प्रमाण दुपटीच्या आसपास असतं. फळी सपाट न राहता पन्हाळीसारखी वळते ती यामुळेच.

सुतार इंचाचे आठ सूत करतात. त्या मापात हिशेब बघा. तुमचं टेबल २४ इंच रुंद आहे. लाकडातलं पाणी सहा टक्क्यांनी कमी झालं, तर पाइनच्या नेहमीच्या कापाच्या फळ्या एवढ्या रुंदीत मिळून अडीच ते तीन सूत आक्रसतात. साग शांत स्वभावाचं लाकूड, तरी तोही दोनेक सूत हलेल. आता तुमच्या खालच्या पट्ट्या आठवा. त्या टेबलाच्या रुंदीत आडव्या आहेत, म्हणजे त्यांची लांबी टेबलाच्या रुंदीला समांतर आहे, आणि लांबीत लाकूड हलत नाही. वरच्या फळ्यांना एप्रिलमध्ये तीन सूत आत यायचं होतं आणि पट्टी जागची हलायला तयार नव्हती. मधे तुमचे घट्ट आवळलेले स्क्रू. महिनाभर ही ओढाताण चालली, त्यात टेबल वाकलं, आणि शेवटी जिथे लाकूड सगळ्यांत कमजोर होतं तिथे फाटलं.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. तुम्ही पॉलिश फक्त वरून केलंत. वरची बाजू झाकलेली, खालची उघडी, त्यामुळे खालून पाणी भराभर आलं आणि भराभर गेलं. दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं हलल्या की फळी वाकणारच. यापुढे वर जितके हात द्याल तितकेच खालीही द्या. खाली चकाकी नसली तरी चालेल, थर हवा.

दुसरी गोष्ट पॅकिंगच्या लाकडाची. निर्यातीच्या खोक्यांवर आणि पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ अशी अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असतं. लोकांना वाटतं, तापवलं म्हणजे वाळलं. तसं नाही. तो उपाय किडी मारण्यासाठी असतो, अर्ध्या तासात फळी वाळत नाही. तुमची फळी आणली तेव्हाच ओली असणार, त्यात ऑगस्ट. शिक्क्यावर ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असं लाकूड घरात, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरात, आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्काच नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, दुसरी फळी बघा.

आता दुरुस्ती. तड्यात लांबी (पुट्टी) भरू नका. उन्हाळ्यात उघडलेल्या तड्यात लांबी ठासली की जुलैमध्ये फुगणाऱ्या फळ्यांना मिटायला जागाच उरत नाही आणि नवा तडा दुसरीकडे जातो. आधी खालचे सगळे स्क्रू काढा, वरचा भाग मोकळा करा आणि आठ-दहा दिवस तसाच ठेवा. ओढाताण थांबली की तडा थोडासा आपोआप मिटेल. मग त्याच तड्याच्या रेषेनं फळी करवतीनं पूर्ण चिरा, दोन्ही कडा रंधून सरळ करा आणि पहिल्यासारख्याच चिकटवून रात्रभर शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) ठेवा. रुंदी दोन-तीन सूत कमी होईल, टेबलाला ते कळणारही नाही.

पट्ट्या पुन्हा बसवताना फक्त मधला स्क्रू घट्ट. कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीतलं भोक गोल ठेवायचं नाही, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं चार सूत लांबवायचं. दोन भोकं शेजारी पाडून मधला भाग कानशीनं काढला की झालं. स्क्रू त्या लांबट भोकाच्या मध्यावर, खाली वायसर, आणि आवळताना हात जरा राखून. पट्टी आणि फळी यांच्यामध्ये फेव्हिकॉलचा थेंबही नको. आता टेबल वर्षभर श्वास घेईल आणि सपाटही राहील.

हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं दार जवळून बघा. जाड चौकट, चौकटीला आतून खाच, आणि खाचेत फळी नुसती सरकवलेली, चिकटवलेली नाही. फळी आतल्या आत फुगते, आक्रसते, चौकटीचं माप बदलत नाही. आमच्या घरचा आजीच्या वेळचा पाट मी एकदा उलटा करून पाहिला. खालच्या दोन आडव्या पट्ट्या निमुळत्या खाचेत बाजूनं सरकवलेल्या होत्या, एक खिळा नाही. साठ-सत्तर पावसाळे पाहिलेला तो पाट आजही जमिनीला चारी बाजूंनी टेकतो.

मला हे कळायला देव्हारा बिघडावा लागला. चाळिशीत मी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे हे काम शिकायला लागले. पहिला देव्हारा मे महिन्यात केला आणि दोन्ही दारं अगदी केसभर फटीनं बसवली, मोठ्या अभिमानानं. जुलैमध्ये ती उघडेनात. आत समई, बाहेर मी. रंधा घेऊन दारं घासायला निघाले तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. म्हणाले, आत्ता घासाल तर दिवाळीनंतर बोट जाईल एवढी फट दिसेल, थांबा. सप्टेंबरच्या शेवटी दारं आपली आपण सुटली. मग त्यांनी शांतपणे सव्वा सूत उतरवलं. त्या दिवसापासून कुठलंही माप घेताना मी आधी कोणता महिना चाललाय ते बघते. तुमचं काम ऑगस्टमधलं म्हणून एप्रिलमध्ये फाटलं, माझं मेमधलं म्हणून जुलैमध्ये अडलं. दुखणं एकच.

म्हणून लेकीच्या शेल्फच्या आधी एक पाट करा. पाट म्हणजे तुमचं टेबलच लहान आकारात : वर फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. दीड फूट बाय एक फूट, इंचभर जाडीची फळी. निमुळती खाच पहिल्यांदा जमणार नाही, लांबट भोकाचे स्क्रू पुरेत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन सागाची एक फळी मागा. घेताना तिचं टोक बघा, वाढीची कडी कशी गेलीत ते तिथेच दिसतं. कडेला फिकट पांढुरका पट्टा असेल तर तो गाभ्याबाहेरचा भाग. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, त्या पांढऱ्या भागाला मात्र लागते, म्हणून तेवढा कापून टाकायचा. वाडे पाडताना निघालेला जुना सागही मिळतो आणि तो उत्तम असतो. फक्त त्यावरून आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असेल तर पहिल्याच फटक्यात रंध्याची धार जाईल.

फळी घरी आणली की लगेच कापायला बसू नका. जमिनीपासून वर, खाली दोन चिपा ठेवून, हवा खेळेल अशी आडवी ठेवा. तिच्या टोकाचा एक तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि त्याच तुकड्यावर पेन्सिलीनं ग्रॅम आणि तारीख लिहा. दर रविवारी पुन्हा तोला. लागोपाठ दोन रविवार वजन तेच आलं की फळी तुमच्या घरच्या हवेशी जुळली. मॉइश्चर मीटर मिळतो, पण या कामाला वजनकाटा पुरतो.

आता टेबल सॉ. घेऊ नका, निदान वर्षभर नको. फ्लॅटमध्ये त्याला जागा नाही, धुळीचा बंदोबस्त नाही, आणि शेजारी कोणी जाणतं माणूस नसताना ते यंत्र एकटीनं शिकण्यासारखं नाही. चार इंची मार्बल कटर फळीला उलटा अडकवून घरगुती टेबल सॉ करायची एक रीत पसरली आहे. तीही नको. त्याला ना पात्यामागे चीर मिटू न देणारी फाक, ना हातावर आडोसा.

आणि ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. म्हणजे पात्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. ते यंत्र लोखंड घासायला बनवलेलं आहे. लाकडाचं दातेरी पातं त्यात बसतं, पण बसतं म्हणून चालतं असं नाही. लाकूड कापताना चीर मिटली किंवा गाठ लागली की दाते अडकतात आणि अख्खं यंत्र उसळून मागे, धरणाऱ्याच्या अंगावर येतं. बटण सोडलं तरी पातं काही क्षण फिरतच राहतं. खूप वर्षं काम केलेल्या कारागिरांची बोटं यात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांनी पोटासाठी धोका पत्करला. तुम्हाला तसं करायची गरज नाही.

मग कापायचं कशानं? पाटाला मोजकेच काप लागतात. एक चांगली हातकरवत घ्या. त्याशिवाय काटकोन तपासायचा गुण्या, स्टीलची फूटपट्टी, एक लोखंडी रंधा, अर्धा आणि एक इंची अशा दोन पटाश्या (लाकूड छिलायच्या छिन्न्या), दोन-चार शिकंजे आणि धार लावायचा दगड. ड्रिल तुमच्याकडे आहेच. रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळेल. वेळ असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुन्या पोलादाची पटाशी गंजलेली दिसली तरी घासून सुंदर निघते. फक्त गंजानं खड्डे पडलेत का ते पाठीच्या बाजूनं बघून घ्या.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त जोर कशावर देईन, तर धारेवर. नवी पटाशी दुकानातून येते ती धार लावलेली नसते, फक्त आकार दिलेली असते, हे कुणी सांगत नाही. नवखी माणसं त्याच बोथट पटाशीनं लाकूड कुरतडतात, जोर लावतात, घसरतात, हात कापून घेतात आणि म्हणतात, आपल्या हातात कला नाही. धार ही दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. म्हणून आधी पटाशीची पाठ, शेवटचा इंचभर भाग, दगडावर घासून आरशासारखा सपाट करायचा. हे काम एका पटाशीला एकदाच. मग उतरती बाजू २५ ते ३० अंशांत दगडावर टेकवून मागेपुढे चालवायची. थोड्या वेळानं पाठीकडून बोट बाहेरच्या दिशेनं फिरवलंत तर टोकाला सूक्ष्म खरखर लागेल. पोलाद कडेपर्यंत घासलं गेलं आणि पलीकडे उलटलं, अशी ती खूण. ती खरखर पूर्ण रुंदीत आली की बारीक दगडावर दोन्ही बाजू आळीपाळीनं हलक्या हातानं फिरवून काढून टाकायची. दगड नसेल तर जाड काचेवर ४००, ८०० आणि १५०० नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपर चिकटवा. सुरुवातीला त्यानं छान भागतं.

धार लागली की नाही ते पाइनच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे जिथे रेषा कापल्या जातात तिथे, बघा. बोथट धारेखाली मऊ लाकूड चिरडलं जातं, भुगा पडतो. धार खरी असेल तर सलग पातळ साल निघते आणि मागे तुकतुकीत पृष्ठभाग राहतो. रंध्याच्या पात्यालाही हाच नियम. ज्या दिवशी रंध्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल वळत बाहेर येईल आणि ‘सूंऽऽ’ असा आवाज होईल, त्या दिवशी मला पत्र पाठवा. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे, आणि तुकडा शिकंज्यात धरलेला. माझ्या डाव्या अंगठ्यावर जुना व्रण आहे तो तुकडा हातात धरल्याचा.

काकूंचा प्रश्नही यातच सुटतो. ग्राइंडर गेला की निम्मा आवाज गेला. उरलेला आवाज ठोकण्याचा, आणि तो फरशीतून खाली जातो. खाली जाड रबरी मॅट टाका आणि त्यावर काम करा. शनिवारी सकाळी दहा ते बारा अशी वेळ ठरवून काकूंना स्वतः जाऊन सांगा. वर्कबेंच नाही म्हणून अडू नका. आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून काम करत आले. तुम्ही पायानं धरू नका, पण एका जाड फळीला पुढे आडवा ठोकळा स्क्रूनं लावून ती भिंतीला टेकवा. रंधताना लाकूड त्या ठोकळ्याला अडतं.

सासऱ्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. सुतार खरंच दोन दिवसांत करून देईल, आणि चांगलं करून देईल. त्यांचं ऐका, सुतार बोलवा, पण काम द्यायला नाही, शिकवायला. ओळखीच्या चांगल्या मिस्त्रींना एका दिवसाचा पूर्ण रोज द्या आणि सांगा, तुम्ही करू नका, मी करते, माझं चुकेल तिथे थांबवा. पहिल्यांदा ते संकोचतील. दुपारपर्यंत करवत कशी धरायची, खांदा आणि कोपर एका रेषेत कसे ठेवायचे, रेघेच्या कोणत्या बाजूनं कापायचं, हे ते असं दाखवतील की कितीही व्हिडिओ पाहून ते हाती लागत नाही. सासऱ्यांनाही शेजारी खुर्ची टाकून बसवा. काळजीपोटी बोलणारी माणसं काम जवळून पाहिलं की बहुतेक वेळा मापं धरायला पुढे येतात.

शेल्फ प्लायवूडचं करा. प्लायमध्ये एका थराच्या रेषा उभ्या, पुढच्याच्या आडव्या, त्यामुळे प्रत्येक थर दुसऱ्याला धरून ठेवतो आणि वर लिहिलेली हालचाल जवळजवळ थांबते. १८ मिलिमीटरचं, आयएसआय शिक्क्याचं, आयएस ३०३ चं प्लाय पुरे. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ते पाण्याच्या जागी, पुस्तकांना त्याची गरज नाही. आठ बाय चारच्या शीटमधून दुकानातच, किंवा त्यांच्या ओळखीच्या पॅनेल सॉवाल्याकडे, दहा इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या कापून घ्या. एका पट्टीतून ४७ इंचांच्या दोन उभ्या बाजू, उरलेल्या दोनांतून ३० इंचांच्या पाच आडव्या फळ्या. शीटचा जवळजवळ दीड फुटी पट्टा उरेल, तो सांभाळून ठेवा. मोठे काप यंत्रानं अचूक झाले की घरी उरतं ते जोडणं आणि घासणं.

आडवी फळी ३० इंचांपेक्षा लांब करायचा मोह होईल, तो टाळा. उभ्या पुस्तकांच्या फूटभर ओळीचं वजन दहा किलोच्या घरात असतं. फळीची लांबी दुप्पट केली आणि ती तशीच भरली, तर मधला बाक दुप्पट न होता सोळापट होतो. ३० इंचांवरही पुढच्या कडेला दीड इंची सागाची पट्टी उभी चिकटवा. फळीला बळ मिळतं आणि प्लायचे थर झाकले जातात. खाली दोन इंच पाया सोडून सर्वांत खालचा कप्पा १३ इंच उंच ठेवा, शाळेच्या मोठ्या वह्या आणि चित्रांची पुस्तकं त्यात उभी राहतात. त्यावर साडेदहा, मग नऊ-नऊ. स्क्रू मारायच्या आधी प्रत्येक जागी बारीक भोक पाडा, नाहीतर प्लायची कड फुगते. मागे ६ मिलिमीटरचं प्लाय लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांत शिकंजा लावून हळूच ओढा, मग पाठ ठोका. आणि उभं केल्यावर वरच्या बाजूनं भिंतीला पक्कं करा, हे विसरू नका. मुलं शेल्फवर चढतात.

घासताना एन ९५ मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलंय, आणि प्लायच्या धुळीत डिंकाची रसायनंही असतात. काम खिडकीशी करा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पाटाला पॉलिश म्हणून बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, फडक्यानं चोळलं तर सागाचा रंग फार सुरेख खुलतो. पण ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना स्वतःच तापतं आणि चुरगाळलेलं फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. काम झालं की फडकं पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेरी पसरून कडकडीत वाळू द्या, मगच कचऱ्यात.

लेकीला बाहेर ठेवू नका. ड्रिल आणि पटाशी तिच्या हाती अजून नको, पण मोजणं, रेघ मारणं, गुण्या लावून बघणं आणि पॉलिश पेपरनं घासणं नऊ वर्षांच्या हातांना छान जमतं. रेषांच्या दिशेनं घास एवढंच सांगा. पाट पूर्ण झाला की तो उलटा करून तिला पेन्सिलीनं तारीख आणि सुतापर्यंत मोजलेली रुंदी लिहायला लावा. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा आणि पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहा. शेल्फच्या कामाला मग गणपतीनंतर लागा.